परांचीचं बाळ

धनुबाईंच्या घरात पाळण्यात आधी वरवंटा निजायचा, मग मूल.

प्रमिलाची छबू बारा दिवसांची झाली तेव्हाही तसंच झालं. सासूबाईंनी, म्हणजे धनुबाईंनी, पाट्यावरचा वरवंटा धुऊन घेतला, त्याला हळदकुंकू लावलं, कुंची घातली आणि बायकांनी भरलेल्या ओसरीत तो दगड पाळण्यात ठेवून चांगले पाच झोके दिले. मग तो काढून छबूला निजवलं. प्रमिला पुण्याला कॉलेजात दोन वर्षं शिकून आलेली. तिला हसू आलं. ते पदराआड लपवताना तिला हेही आठवलं, की त्याच सकाळी आजूबाजूला कुणी नाही असं बघून तिनं पाळण्याची कडी तीनदा ओढून पाहिली होती.

काळजी करण्यात तिचा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. शहाद्याहून ब्राह्मणपुरीकडे जाणाऱ्या गाडीवाटेवरचं ते गाव, घरं दोनशेच्या आत, आणि प्रत्येक घरात प्रमिलाच्या काळजीची एकतरी गोष्ट ठाऊक. आढ्यावरची पाल पाळण्यात पडेल म्हणून तिनं पाळण्यावर धोतर ताणून बांधलं होतं. मांजर लेकराच्या तोंडावर बसेल म्हणून मांजरीला नणंदेच्या गावी धाडलं होतं. नवरा धुळ्याला कचेरीत, महिन्याकाठी एकदा येणारा. तो आला की सासरे हिंमतराव त्याला म्हणत, बाबा रे, घराला आता राखणदार ठेवायला नको, सूनबाई रात्रंदिवस जागीच असते.

माडीवरच्या खोलीला रस्त्याकडे उघडणारी एक खिडकी होती. छबूला पाजताना प्रमिला तिथं बसे. त्या सालच्या माघात खिडकीसमोर, रस्त्याच्या पलीकडे, शाळेची नवी भिंत वर यायला लागली. सदतीस साल असावं ते. शाळा गावानं उभारायची ठरवलेली, देखरेख हिंमतरावांकडे आणि काम रूपचंद मिस्तरीकडे. पावसाळ्याआधी छप्पर चढलं पाहिजे, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात.

रूपचंद मिस्तरी हाताचा सच्चा माणूस होता. त्यानं ओळंबा सोडला आणि भिंत तसूभर जरी ढळली असली, तर तो आपल्याच हातानं थर उतरवायचा, कुणाला सांगायचा नाही. भिंत माणसाच्या डोक्यावर गेली तशी त्यानं परांची बांधायला घेतली. उभे वासे जमिनीत पुरायचे, त्यांना आडवे बांबू अंबाडीच्या दोरानं आवळायचे, त्यांच्यावर फळ्या टाकायच्या आणि फळ्यांवर उभं राहून माणसांनी पुढचे थर रचायचे. बांबू तळोद्याहून यायचे होते. पण लग्नसराई जवळ आलेली, वाळलेला माल सगळा मांडवांना गेलेला. गाडी आली ती नुकत्या तोडलेल्या हिरव्यागार बांबूंची. मिस्तरीनं एक बांबू उचलून पाहिला, वाकवून पाहिला आणि म्हणाला, ओला बांबू वाकतो पण मोडत नाही, चांगलाच आहे. त्यात खोटं काही नव्हतं.

परांची उभी राहिल्यावर त्यानं तिची पूजा केली. पहिल्या गाठीला कुंकू लावलं, वाशाच्या बुडाशी नारळ फोडला. त्याच्या बापाच्या वेळेपासून एक नेम चालत आला होता. पूजलेल्या परांचीची गाठ काम संपेपर्यंत सोडायची नाही. सोडली तर काम अडतं, माणूस दुखावतो. मिस्तरी तो नेम देवाच्या दिव्यासारखा पाळायचा.

कामावरची माणसं बहुतेक सातपुड्यातली. त्यांत नारसिंग आणि त्याची बायको हिरीबाई होती. नारसिंग परांचीवर उभा राहून दगड बसवायचा, हिरीबाई बैलाच्या घाणीत मळलेला चुना घमेल्यातून आणून वर द्यायची. त्यांचं मूल छबूपेक्षा महिन्याभरानं मोठं. नाव मात्र ठेवलेलं सुरुपसिंग. एवढंसं पोर आणि एवढं थोरलं नाव, म्हणून मिस्तरी त्याला रोज सकाळी रामराम घालायचा आणि आज कामाचा काय हुकूम आहे सरकार, असं विचारायचा. हिरीबाई सुरुपसिंगची झोळी परांचीच्या सगळ्यांत खालच्या आडव्या बांबूला टांगायची. वर फळ्या असल्यामुळे तिथं दिवसभर सावली असे. येता जाता झोळीला एक हात लावला की झोका मिळे.

पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा प्रमिला पाजणं सोडून उठून उभी राहिली. वर दगड, खाली लेकरू. आणि नुसतं ते एक लेकरूच नव्हे, त्याच रस्त्यानं गावातल्या बायका विहिरीवर जायच्या, पोरं परांचीखालून पळायची. तिनं सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या की मजुरांची पोरं झोळीतच वाढतात, तुझ्या छबूसारखा त्यांना कडीचा पाळणा कुठला.

परांचीवरचं काम आठ दिवस चाललं आणि होळी आली.

सातपुड्यातल्या माणसाला होळीला घरी जाऊ नको म्हणणं म्हणजे नदीला उलटी वाह म्हणण्यासारखं. होळीआधीचा भोंगऱ्याचा बाजार भरायच्या आदल्या दिवशी सगळी माणसं डोंगराकडे निघून गेली. मिस्तरीही आपल्या गावी गेला. घाणीचा बैल सुटला. भिंतीसमोर परांची तेवढी उभी राहिली, फळ्यांवर दगडांची एक चवड ठेवलेली तशीच.

त्या पंधरा-वीस दिवसांत ऊन एकदम तापलं. प्रमिला खिडकीत बसायची आणि समोर बघायला दुसरं काही नसल्यामुळे परांचीकडे बघायची. रस्ता अरुंद, परांचीच्या वरच्या गाठी तिच्या डोळ्यांच्या पातळीला. बांबूंचा हिरवा रंग आधी फिका झाला, मग पिवळा पडला. आणि एके दिवशी तिला दिसलं, की एका गाठीच्या वर बांबूवर करंगळीएवढा हिरवा पट्टा आहे. बाकी सगळा बांबू पिवळा आणि तेवढंच हिरवं कडं. तिला वाटलं असेल बांबूचाच डाग. दुसऱ्या दिवशी तो पट्टा बोटभर रुंद झाला. शेजारच्या वाशावरही तसाच एक दिसायला लागला.

तिनं छबूला दुसऱ्या अंगाला घेतलं, तेव्हा आपल्याच मनगटाकडे तिचं लक्ष गेलं. बांगड्या वर सरकल्या होत्या आणि त्यांच्याखालची कातडी बाकीच्या हातापेक्षा उजळ दिसत होती. ऊन न लागलेली.

तिनं पुन्हा समोर पाहिलं. गाठीखाली ऊन लागलं नव्हतं म्हणून बांबू तिथं हिरवा राहिला होता. आता ते हिरवं उघडं पडलं, म्हणजे गाठ खाली सरकली होती.

हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. पालीचं सांगून झालं होतं, मांजरीचं सांगून झालं होतं. आता बांबूचं सांगितलं तर घरात कुणी हसण्याचीसुद्धा तसदी घेतली नसती. शिवाय आपल्याला जे दिसतं ते खरंच तिथं असतं की आपल्या मनात, हे तिचं तिलाच अलीकडे कळेनासं झालं होतं. ती रोज त्या हिरव्या कड्यांकडे बघायची आणि माणसं अजून आली नाहीत म्हणून तिला बरं वाटायचं.

पाडव्याला दोन दिवस उरले असताना माणसं परत आली. सकाळीच आली, गठुडी उतरवली, भाकरी खाल्ली. मिस्तरीनं भिंतीला ओळंबा लावून पाहिला, परांचीचा एक वासा बुडाशी दोन्ही हातांनी हलवून पाहिला. बूड जमिनीत हातभर पुरलेलं, ते काय हलणार. दुपारी सावली कलली की वर चढायचं, असं ठरलं. हिरीबाईनं खालच्या बांबूला झोळी बांधली आणि सुरुपसिंगला तीत निजवलं.

मग ती पाण्याचा हंडा घेऊन हिंमतरावांच्या दाराशी आली. सासूबाई मागच्या अंगणात होत्या, म्हणून पाणी ओतायला प्रमिलाच खाली उतरली. हंडा भरता भरता तिनं हळूच विचारलं, की त्या बांबूवर हिरवं काय दिसतं.

हिरीबाईनं वळून पाहिलं नाही. तिनं ते आधीच पाहिलं होतं.

"बांबू ओला व्हता, आते सुकाई गया," ती म्हणाली. "बारीक व्हयना. गाठ ढिली पडी गयी. आमनाकडे घर बांधतस तं महिनाभरमा पुन्हा आवळतस, पाणी टाकीसन."

मग तिनं सांगितलं, की आल्या आल्या ती नवऱ्याशी बोलली होती आणि नवरा मिस्तरीशी. मिस्तरी रागावला नाही. त्यानं नारसिंगच्या खांद्यावर हात ठेवून एवढंच सांगितलं, की ही पूजलेली परांची आहे, हिची गाठ सोडता येत नाही, तू भिऊ नको, तुझ्याआधी मी चढतो. आता स्वतः मिस्तरीच चढतो म्हटल्यावर नारसिंगनं काय बोलायचं.

"आणि झोळी?" प्रमिलानं विचारलं. "ती का तिथं बांधलीस?"

"तठे नई तं कोठे, बाई? उनमा?" हिरीबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, खरंच विचारल्यासारखं तिनं विचारलं. "तठे सावली शे. पोर रडनं तं माले ऐकू येस."

प्रमिलानं आमच्या ओट्यावर आण म्हणून सांगितलं. हिरीबाईनं ओट्याकडे पाहिलं, घाणीकडे पाहिलं. घाणीचं चाक फिरायला लागलं की ओट्यावरचं रडणं तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. ती हंडा डोक्यावर घेऊन निघून गेली.

आता प्रमिलाला एक गोष्ट पक्की कळली होती. हिरवं कडं तिच्या मनातलं नव्हतं.

ती मागच्या अंगणात गेली. धनुबाई मिरच्या वाळत घालत होत्या. प्रमिलानं सगळं सांगितलं, हिरीबाईचंही सांगितलं. धनुबाईंनी मिरचीचं देठ खुडलं आणि म्हणाल्या, "तुले आते भिंत बी पडताना दिसस का वं?"

प्रमिला तशीच उभी राहिली. एरवी ती इथूनच माघारी फिरली असती. पण खाली बांधलेली झोळी तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हती. तिनं वाद घातला नाही. तिनं विचारलं, आत्या, पाळण्यात आधी वरवंटा का ठेवतात.

धनुबाई म्हणाल्या, ठेवतात म्हणून ठेवतात. वरवंट्यासारखं पोर घट्टमुट्ट व्हावं म्हणून ठेवतात. मग त्यांचा हात थोडा थांबला. मिरच्यांकडे बघतच त्यांनी एक जुनी गोष्ट काढली. त्या सात-आठ वर्षांच्या असताना त्यांच्या माहेरी धाकट्या भावाचं बारसं होतं. पाळणा जुना, दोर बाहेरून नीट, आतून कुजलेला. त्यांच्या आजीनं वरवंटा ठेवला, दुसरा झोका दिला आणि पाळणा खाली आला. फरशीला खोक पडली. तो भाऊ पुढं तापीपट्टीतला नावाजलेला पैलवान झाला. ती फरशीची खोक माहेरी अजून आहे, कुणी बुजवली नाही.

"मग परांचीला वरवंटा का नाही, आत्या?" प्रमिला म्हणाली.

हातातली मिरची धनुबाईंनी सुपात टाकली, हात पदराला पुसले आणि स्वयंपाकघरात गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात वरवंटा होता, धुतलेला, आणि त्याला छबूची कुंची घातलेली.

त्या रस्ता ओलांडून गेल्या तेव्हा हिंमतराव भिंतीच्या सावलीत खाट टाकून बसले होते. बायको भर दुपारी कुंचीतला दगड घेऊन येते आहे, हे पाहून ते उठून उभे राहिले. प्रमिला पुन्हा माडीवर गेली. सुनेनं बाहेरच्या माणसांत उभं राहायची रीत नव्हती, पण खिडकीला कुणाची मनाई नव्हती. बोलणं तिला तिथून नीट ऐकू येत होतं.

मिस्तरीनं धनुबाईंना आदरानं रामराम केला. गाठींची गोष्ट निघाल्याबरोबर त्याचा चेहरा बंद झाला. पूजेल परांची शे माय, त्यानं एवढंच म्हटलं.

"तुले कोन सांगस गाठ सोड म्हनीसन?" धनुबाई म्हणाल्या. "तुन्ही गाठ तठेच ऱ्हाऊ दे. मन्हा वरवंटा तेवढा वर ठेव."

यावर मिस्तरीला हसावं की काय करावं कळेना. नेमाला नेम आडवा आला होता. बारशाच्या वरवंट्याला नाही कोण म्हणणार. त्याच्या स्वतःच्या तीन पोरांच्या आधी पाळण्यात वरवंटा निजला होता. ठेवतो म्हणाला, चार शेराचा दगड, त्यानं परांचीचं काय होणार आहे.

"पाळनामा पोर जेवढं, तेवढा वरवंटा," धनुबाई म्हणाल्या. "तुन्ही परांचीवर कितला चढतस?"

मिस्तरीनं सांगितलं, पाच माणसं, शिवाय दगड आणि चुन्याची घमेली.

"मंग तेवढा भार ठेव. तो परांचीना वरवंटा."

कामावरची माणसं हसली. हिंमतरावांना लाज वाटत होती, त्यांनी अर्धा दिवस वाया जाईल असं काहीसं पुटपुटून पाहिलं. धनुबाईंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं आणि म्हणाल्या, की बारशाला पुरुषांचं काम नसतं, पण गाडी आडवी लावायचं काम त्यांनी करावं. मग रस्त्याच्या दोन्ही टोकांना एकेक बैलगाडी आडवी लागली. विहिरीवरून येणाऱ्या बायका घागरी कमरेवर घेऊन गाडीपलीकडे थांबल्या, काय चाललं आहे म्हणून एकमेकींना विचारायला लागल्या. धनुबाई हिरीबाईकडे वळल्या आणि झोळीकडे बोट दाखवलं. हिरीबाईनं झोळी सोडली आणि झोपेतल्या सुरुपसिंगला खांद्यावर टाकलं.

माडीवर प्रमिलानं तेव्हा कुठं निजलेल्या छबूकडे वळून पाहिलं.

मिस्तरी आता हट्टाला पेटला होता. आपल्या गाठींवर त्याचा विश्वास होता. करायचं तर पुरतं करू, म्हणून त्यानं आठ गोण्या गोमाई नदीच्या वाळूनं भरायला लावल्या. भिंतीच्या आतल्या बाजूनं शिडी होती, भिंतीची जाडी दीड हात. नारसिंग आणि आणखी एक जण भिंतीवर उभे राहिले आणि गोण्या एकेक करून बाहेर, फळ्यांवर ढकलायला लागले. पहिल्या गोणीवर नारसिंगनं कुंचीतला वरवंटा ठेवला, तान्ह्या पोराला निजवावं तसा अलगद. खालून कुणीतरी अंगाई म्हण म्हणालं.

दोन गोण्या झाल्या, तीन झाल्या. परांची जशीच्या तशी. पाचवी गेली तेव्हा गाडीपलीकडच्या बायकांनी घागरी खाली ठेवल्या, आता हे लवकर आटोपायचं नाही म्हणून. सहावीला फळी थोडी कुरकुरली आणि गप्प झाली. सातवी. आठवी.

काहीच झालं नाही.

माडीवर प्रमिला अजून खिडकीतच उभी होती. तिच्यामुळे सासूबाई भर रस्त्यात उभ्या होत्या. आता उद्यापासून गावाला आणखी एक गोष्ट मिळाली, दगडाच्या बारशाची. परांची पडावी असं तिला क्षणभर वाटलं आणि लगेच त्या वाटण्याचीच भीती वाटली. तिनं खिडकीचं दार ओढून घ्यायला हात पुढं केला.

खाली मिस्तरीनं डोक्याचं फडकं सोडून तोंड पुसलं आणि आता झालं का समाधान, असं विचारलं. आवाजात चिडवणं नव्हतं, तो खरंच सुटल्यासारखा दिसत होता.

"पोरले पाळनामा ठेईसन लगेच काढतस का?" धनुबाई म्हणाल्या. "झोका बी देतस."

झोका कसा द्यायचा यावर थोडं बोलणं झालं. शेवटी मिस्तरीनं नारसिंगला सांगितलं, की भिंतीवर बसून पायानं फळीला दाब दे, सोड, पुन्हा दे, माणूस चालल्यासारखा. नारसिंग बसला. त्यानं पाय फळीवर टेकला.

प्रमिलाचा हात दारावर तसाच राहिला. तिची नजर सवयीनं डावीकडच्या वाशावर गेली होती. सकाळी दोन बोटं असलेलं हिरवं कडं चार बोटं झालं होतं. नारसिंगनं पाय दाबला. ते पाच बोटं झालं. तिच्या डोळ्यांसमोर, अगदी सावकाश, कुणी हातातली बांगडी उतरवावी तशी गाठ खाली येत होती.

त्या घरात येऊन दोन वर्षं झाली होती, रस्त्यावर ऐकू जाईल असा तिचा आवाज कुणी ऐकला नव्हता.

"नारसिंगदादा, पाय वर घ्या. मांगे सरका."

नारसिंगनं मान वर करून खिडकीकडे पाहिलं आणि पाय उचलला. तो भिंतीवर मागं सरकतो न सरकतो तोच बाहेरचा आडवा बांबू हातभर खाली बसला, थांबला आणि मग वाशावरून सरळ घसरत गेला. मोडलं काहीच नाही. मिस्तरी म्हणाला होता तसा बांबू मोडला नाहीच. फळ्या तेवढ्या एका बाजूनं कलंडल्या आणि आठ गोण्या, होळीपासूनची दगडांची चवड आणि कुंचीतला वरवंटा, सगळं एकामागून एक रस्त्यावर उतरलं. धुरळा गाडीच्या चाकांपर्यंत आला.

धुरळा खाली बसल्यावर पाहिलं तर खालचा बांबू, ज्याला झोळी असायची, वाळूच्या ढिगाखाली होता. ढीग कमरेएवढा. त्याच्या वर दोन मोठे दगड.

बैलांच्या गळ्यातल्या घंटा तेवढ्या वाजत होत्या. सुरुपसिंग जागा झाला आणि त्यानं आईच्या खांद्यावरून ढिगाकडे बघत जांभई दिली. हिरीबाईनं त्याचं डोकं हातानं झाकलं. तिनं वर खिडकीकडे पाहिलं नाही. ती रस्ता ओलांडून हिंमतरावांच्या ओट्यावर जाऊन बसली, कुणाला न विचारता. धनुबाई तिच्यामागून गेल्या आणि आतून तांब्या भरून आणला.

मिस्तरी ढिगाशी उकिडवा बसला होता. पाच माणसांपैकी पहिला तो चढणार होता. त्यानं वाळूत हात घालून वरवंटा शोधून काढला, कुंची झटकली. वरवंट्याच्या एका टोकाचा टवका उडाला होता. तो दगड मांडीवर घेऊन तो तसाच बसून राहिला. मग उठला, उरलेल्या उभ्या परांचीपाशी गेला आणि कुंकू लावलेल्या पहिल्या गाठीवर हात ठेवला.

"नारळ मीच फोडेल व्हता," तो म्हणाला. "गाठ बी मीच सोडसू."

आणि त्यानं कमरेचा विळा काढला.

दुसऱ्या दिवशी परांची पुन्हा बांधायला घेतली. मिस्तरीनं हिरीबाईला बोलावलं, सरळ तिच्याकडे न बघता, दोराशी बोलल्यासारखं विचारलं, की तुमच्याकडे कसं आवळतात. तिनं दोर भिजत घालायला लावले. गाठ मारून झाल्यावर दोर आणि बांबू यांच्यामध्ये लाकडाची पाचर ठोकायची, आणि बांबू सुकत जाईल तशी रोज सकाळी ती पाचर थोडी आत मारायची, हे तिनं एका वाशावर करून दाखवलं. पुढचे वासे मिस्तरीनं बांधले. मधे एकदा त्यानं तिची पाचर उपटून पुन्हा स्वतः मारली. हिरीबाईनं ती पुन्हा उपटून आपल्या पद्धतीनं बसवली. तिसऱ्यांदा त्यानं हात लावला नाही.

सुरुपसिंगची झोळी ओट्याच्या खांबाला आली. रडणं घाणीपर्यंत पोचत नव्हतं हे खरंच, म्हणून प्रमिलानं तोड काढली. पोर रडलं की ती खिडकीतून लाल लुगड्याचा एक तुकडा बाहेर सोडायची. हिरीबाई तो बघून यायची. विहिरीचा रस्ता हिंमतरावांनी काम होईपर्यंत मागच्या आळीतून वळवला. बायकांनी लांब पडतो म्हणून आठवडाभर नावं ठेवली, मग त्यांना तो रस्ता अंगवळणी पडला.

दर सोमवारी, आणि फळ्या एक थर वर चढवल्या की त्या दिवशीही, रूपचंद मिस्तरी हिंमतरावांच्या दाराशी येऊन उभा राहायचा. "माय, पोर दे," म्हणायचा. धनुबाई पाट्यावरचा वरवंटा उचलून द्यायच्या. तो टवका उडालेलाच होता, धनुबाईंनी दुसरा आणायचं नाव काढलं नाही. त्या दिवशी घरात चटणी उशिरा व्हायची. वाळूच्या गोण्या वर जायच्या, वरवंटा त्यांच्या डोक्यावर बसायचा, पायानं झोके दिले जायचे आणि मगच माणसं फळीवर पाय टाकायची. आता कुणी अंगाई म्हण म्हणत नव्हतं. एकदा मिस्तरीच स्वतःशी काहीतरी गुणगुणताना नारसिंगनं ऐकलं, पण त्यानं तो विषय काढला नाही.

प्रमिलाची काळजी काही गेली नाही. आढ्यावर पाल दिसली की ती अजून उठायची. मांजर काही तिनं परत आणवली नाही. फरक पडला असेल तर एवढाच, की जेवताना हिंमतराव आता विचारायचे, आज खिडकीतून काय दिसलं. आणि ती सांगेपर्यंत घास हातात धरून थांबायचे.

आणि सकाळी, काम सुरू व्हायच्या वेळी, माणसं परांचीखाली उभी राहायची, घमेली भरलेली, विड्या विझवलेल्या. मिस्तरी काही न बोलता मान वर करून खिडकीकडे बघायचा. प्रमिला छबूला कडेवर घेऊन उभी असायची आणि एकेका गाठीवरून नजर फिरवायची, डाव्या वाशापासून उजव्या वाशापर्यंत. तिनं कधी मान हलवली नाही, कधी हात केला नाही. बघून झालं की ती खिडकीतून आत निघून जायची.

ती आत गेली की माणसं वर चढायची.